चढावर आणि फास्ट चार्जिंगनंतर इलेक्ट्रिक गाडीचा पिकअप कमी होतो: कारण कसे शोधावे

एरवी सिग्नल सुटताच झेप घेणारी इलेक्ट्रिक गाडी काही वेळा अचानक सुस्त होते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग सावकाश वाढतो. डॅशबोर्डवर कधी कासवाचे चिन्ह येते, कधी शक्ती मर्यादित केल्याची सूचना येते आणि कधी काहीच येत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी ती जणू काही घडलेच नव्हते अशी धावते, त्यामुळे सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर दोष सापडत नाही आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच अनुभव येतो. हा त्रास मी जवळजवळ एक वर्ष सोसला. त्यातील काही भाग गाडीचा स्वभाव होता आणि काही भाग खरा बिघाड होता. हे दोन्ही एकमेकांपासून वेगळे करता आले तेव्हाच प्रश्न सुटला, म्हणून ते वेगळे कसे करावे हे येथे सविस्तर लिहीत आहे.

मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो, रोज ऐरोलीला कामाला जातो आणि महिन्यातून एकदोनदा पुण्याला आईकडे जातो. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी मध्यम आकाराची एसयूव्ही आहे, कमाल शक्ती 95 किलोवॅट, बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची, आतापर्यंतची धाव सुमारे 52,000 किलोमीटर. रोजच्या येण्याजाण्यात तक्रार अशी कधी नव्हती. त्रास व्हायचा तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या पुढे घाट सुरू झाल्यावर, आणि पुण्याहून परतताना ठाणे-बेलापूर रस्त्यावर शेवटच्या पंधरावीस किलोमीटरमध्ये. दोन्ही ठिकाणी जाणवणारे लक्षण एकच असल्यामुळे कारणही एकच असेल असे मी गृहीत धरले होते, आणि पहिले सहा महिने त्याच चुकीत गेले.

माहितीपत्रकातला आकडा नेमका काय सांगतो

इलेक्ट्रिक गाडीच्या माहितीपत्रकात जी शक्ती छापलेली असते ती कमाल शक्ती असते, म्हणजे सर्व काही अनुकूल असताना थोड्या वेळापुरती मिळणारी. भारतात विद्युत वाहनांच्या शक्तीच्या चाचणीसाठी एआयएस-041 हे मानक आहे आणि त्यात दोन वेगळे आकडे मोजले जातात: एक कमाल निव्वळ शक्ती आणि दुसरी सलग तीस मिनिटे टिकवता येणारी शक्ती. दुसरा आकडा पहिल्याहून बराच कमी असू शकतो, आणि जाहिरातीत तो सहसा दिसत नाही. पेट्रोल गाडीतून आलेल्या माणसाला हा फरक ठाऊक नसतो, कारण पेट्रोलची टाकी पूर्ण भरलेली असो वा पाव भरलेली असो, इंजिनाच्या ताकदीत फरक पडत नाही. बॅटरीचे तसे नसते. बॅटरी किती भरलेली आहे, तिचे तापमान किती आहे आणि तिच्यातील सर्वांत दुबळा सेल कोणत्या अवस्थेत आहे, यावर त्या क्षणी किती शक्ती द्यायची हे बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा ठरवते.

मोटरबद्दलही एक गैरसमज आढळतो. विद्युत मोटर जागेवरून निघतानाच पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देते, आणि शहरात शून्यापासून चाळीसपर्यंतचा पिकअप इतका सुखद वाटतो तो त्यामुळेच. पण मोटरच्या फेऱ्या वाढतात तसा तिच्यातच उलट दिशेने विद्युतदाब निर्माण होत जातो, ठरावीक वेगानंतर टॉर्क कमी होऊ लागतो आणि शक्ती फार तर स्थिर राहते. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर असतो (पोर्शची टायकान हा मागच्या मोटरला दोन गिअर देणारा अपवाद), म्हणून गिअर खाली आणून टॉर्क वाढवण्याची सोय नसते. त्यातच हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 80 वरून 100 वर जाताना गाडी 20 वरून 40 वर जाताना जेवढी चपळ वाटते तेवढी वाटणार नाही. ही तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जाऊ नये, कारण तिथे काहीही बिघडलेले नसते.

याचा अर्थ इलेक्ट्रिक गाड्या मुळात संथ असतात असा मुळीच नाही. ताशी 100 किलोमीटरचा वेग रस्त्यावरच्या वाहनाने पहिल्यांदा ओलांडला तो विजेवरच: 29 एप्रिल 1899 रोजी कामिय जेनात्सी या बेल्जियन चालकाने फ्रान्समध्ये ताशी 105.88 किलोमीटरची नोंद केली, आणि त्याची गाडी बॅटरीवर चालणारी होती. 2018 मध्ये अमेरिकेतील पाइक्स पीक या डोंगरी शर्यतीत फोक्सवॅगनच्या आयडी.आर या विद्युत गाडीने 4,302 मीटर उंचीवरील शेवटची रेषा 7 मिनिटे 57.148 सेकंदांत गाठली आणि आठ मिनिटांच्या आत हा चढ पार करणारी ती पहिली गाडी ठरली. पेट्रोल इंजिनाला विरळ हवेत प्राणवायू कमी मिळतो आणि त्याची ताकद घटते. मोटरला हवेची गरज नसते. म्हणून खंडाळ्याच्या घाटात गाडी मंदावली तर उंचीला दोष देण्यात अर्थ नाही; मंदावण्याचे कारण दुसरीकडेच असणार.

घाट खरोखर किती ताकद मागतो

हा हिशेब मी कागदावर केला आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन 1,800 किलो समजू. घाटाच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत साधारण 550 मीटर उंची चढायची असेल, तर त्यासाठी सुमारे 2.7 युनिट वीज लागते. शेकडा पाच चढावर ताशी 60 किलोमीटरने जायला चढासाठी सुमारे 15 किलोवॅट आणि हवा व टायर यांच्या विरोधासाठी पाच-सहा किलोवॅट लागतात, म्हणजे एकूण वीस-बावीस. यंत्रणेने 95 किलोवॅटच्या गाडीला 45 किलोवॅटवर आणून ठेवले तरी घाट नीट चढता येतो. अडचण येते ती ट्रकच्या मागून बाहेर पडून पुढे जाताना, कारण त्या पाच-सात सेकंदांत चालकाला पूर्ण शक्ती हवी असते आणि ती मिळेल असे गृहीत धरूनच त्याने लेन बदललेली असते. हा प्रश्न सुरक्षिततेचा आहे, म्हणून कासव दिसले किंवा पिकअप कमी वाटला तर कारण सापडेपर्यंत घाटात ओव्हरटेक करू नये आणि डाव्या लेनमध्ये राहावे, हे सर्वांत आधी सांगतो.

निदानाची सुरुवात नोंदीपासून

आमच्या सोसायटीत त्याच मॉडेलची आणखी एक गाडी आहे. तिचे मालक निवृत्त इंजिनिअर आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मी तक्रार सांगितली तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पिकअप गेला तेव्हा चार्ज किती होता आणि बॅटरीचं तापमान किती होतं?” मला दोन्ही सांगता आले नाही. “मग तुम्ही दोष शोधत नाही आहात, तक्रार करताय,” असे ते म्हणाले, आणि त्यांचे बरोबर होते.

त्या दिवसापासून मी वही ठेवली. प्रत्येक वेळी सात गोष्टी लिहायच्या: बॅटरी किती टक्के, बाहेरचे तापमान, बॅटरीचे तापमान, शेवटचे चार्जिंग साधे होते की फास्ट आणि त्याला किती वेळ झाला, गाडी कोणत्या मोडमध्ये होती, रस्ता कोरडा होता की ओला, आणि डॅशबोर्डवर काय उमटले. बॅटरीचे तापमान काही गाड्या पडद्यावर दाखवतात. माझी दाखवत नाही, म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी जोडणीत (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याची जागा) बसणारे ब्लूटूथ उपकरण आणि मोबाईलवरचे ॲप वापरले. हे उपकरण फक्त आकडे वाचण्यासाठी वापरावे, त्यातून कोणतीही सेटिंग बदलू नये, आणि गाडी चालवताना मोबाईल शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात असावा.

पिकअप मोजण्यासाठी मी 60 ते 90 किलोमीटर हा टप्पा निवडला. द्रुतगती मार्गावर कळंबोली सोडल्यावर भाताण बोगद्याच्या आधी, पुढे-मागे रस्ता मोकळा असताना, शेजारच्याने मोबाईलच्या घड्याळावर वेळ मोजायची. तिथे मोटारींना ताशी 100 ची मर्यादा असल्याने नियम मोडत नाही. घोडबंदर रस्त्यावर किंवा पाम बीच मार्गावर अशी चाचणी कोणीही करू नये. तिथे माणसे रस्ता ओलांडत असतात, आणि रात्रीच्या वेळी पाम बीच मार्गावर काही जण गाडीच्या वेगाची जी परीक्षा घेतात तिची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. माझी गाडी निरोगी असताना हा टप्पा साडेचार सेकंदांत पार होतो. मंदावलेली असताना तोच टप्पा आठ ते साडेआठ सेकंद घेत होता. हा फरक मनाचा खेळ असू शकत नाही, आणि पुढे सर्व्हिस सेंटरला पटवताना हीच दोन आकड्यांची जोडी कामाला आली.

पहिले कारण: तापलेली बॅटरी

चार महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा घाटातील प्रत्येक प्रसंगात एक गोष्ट समान निघाली. मी दर वेळी खालापूरजवळच्या फूड मॉलमध्ये नाश्ता करायचो, तेवढ्या वेळात गाडी फास्ट चार्जरला लावायचो, 80 टक्क्यांपर्यंत भरायचो आणि लगेच घाट चढायला निघायचो. दिसायला हे अगदी शहाणपणाचे वाटते. बॅटरीच्या दृष्टीने यासारखा वाईट क्रम नाही.

बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो आणि प्रवाह वाहताना तिच्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ: 320 व्होल्टचा पॅक (सगळे सेल मिळून झालेली बॅटरी) आणि 0.1 ओहम रोध. फास्ट चार्जर 150 अँपिअर प्रवाह देत असेल तर बॅटरीत सुमारे सव्वादोन किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे घरातला एक चांगला मोठा गिझर आतमध्ये चालू असावा तसे. पस्तीस मिनिटे हे चालले आणि उष्णता बाहेर काढलीच नाही, तर 300 किलोच्या पॅकचे तापमान सुमारे 15 अंशांनी वाढेल. मे महिन्यात पॅक मुळात 36 अंशांवर असेल तर तो 50 च्या पुढे जातो. त्यानंतर लगेच घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की प्रवाह 300 अँपिअरवर जातो. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट, म्हणजे नऊ किलोवॅट. लिथियम सेलना साधारण 15 ते 35 अंशांत सुख असते, आणि 45-50 च्या पुढे बहुतेक यंत्रणा शक्तीवर लगाम घालू लागतात. गाडी मंदावते ती बॅटरीचे आयुष्य वाचवण्यासाठी.

गाडीत शीतक द्रव फिरवून बॅटरी थंड ठेवण्याची सोय असते, पण तिला वेळ लागतो. शिवाय अनेक गाड्यांत बॅटरीचा शीतक ज्या कॉम्प्रेसरने गार होतो तोच कॉम्प्रेसर आतल्या एसीलाही गारवा पुरवतो. भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत पाच माणसे बसली आणि एसी सर्वांत खालच्या तापमानावर लावला, तर दोन ठिकाणची मागणी एकाच वेळी येते. त्यामुळे चार्जिंगनंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटे एसी 24-25 अंशांवर ठेवला आणि गाडी सौम्यपणे चालवली, तर बॅटरीला उसंत मिळते.

यावर मला सापडलेला उपाय इतका साधा आहे की तो आधी सुचला नाही याचे वाईट वाटते. ठाण्याहून लोणावळ्यापर्यंत जेमतेम ऐंशी किलोमीटर अंतर आहे. आदल्या रात्री सोसायटीच्या साध्या चार्जरवर गाडी पूर्ण भरली तर घाटाआधी फास्ट चार्जिंगची गरजच पडत नाही. साध्या चार्जिंगचा प्रवाह इतका कमी असतो की बॅटरी जवळजवळ तापत नाही. वाटेत भरायचीच असेल तर घाट चढून गेल्यावर, लोणावळ्यात भरावी. सोसायटीचा चार्जर सामायिक असेल आणि रात्री पाळी मिळत नसेल, तर सचिवांशी बोलून प्रवासाच्या आदल्या रात्रीची पाळी मागून घ्यावी. आमच्याकडे यासाठी एक साधा तक्ता लिफ्टशेजारी लावला आहे आणि आजवर भांडण झालेले नाही. अगदीच नाइलाज असेल तर खालापूरला 60 टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे, कारण पुण्यापर्यंत तेवढे अनेक गाड्यांना पुरते.

परतीच्या वाटेवर याच्या नेमकी उलट तक्रार येते, तीही येथेच सांगतो. लोणावळ्यात 100 टक्के भरून लगेच घाट उतरायला लागले, तर पाय काढल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही. मोटर जनित्र होऊन जी वीज परत पाठवते ती ठेवायला भरलेल्या बॅटरीत जागा नसते, म्हणून यंत्रणा रीजन (वीज परत मिळवत गाडी आवरण्याची ही सोय) बंद करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. उतरण्याआधी बॅटरी 85 टक्क्यांच्या आत असावी.

दुसरे कारण: खाली गेलेला चार्ज

ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा मंदावा वेगळा निघाला. तिथे बॅटरी गार असायची, पण प्रत्येक नोंदीत चार्ज 18 टक्क्यांच्या खाली होता.

बॅटरी रिकामी होते तसा तिचा विद्युतदाब उतरतो आणि अंतर्गत रोध वाढतो. 320 व्होल्टच्या पॅकमधून 300 अँपिअर खेचले की वरच्या उदाहरणातल्या रोधाने 30 व्होल्ट जागच्या जागी गळतात. चार्ज कमी असताना ही गळती आणखी वाढते आणि दाब सुरक्षित किमान पातळीजवळ येतो. शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार, त्यामुळे दाब सांभाळायचा तर प्रवाह कमी करण्यावाचून यंत्रणेला मार्ग उरत नाही. माझ्या पॅकमध्ये शंभर सेल एकामागोमाग जोडलेले आहेत आणि यंत्रणा सरासरी पाहत नाही, सर्वांत दुबळ्या सेलकडे पाहते. पंगतीत शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, तसे नव्याण्णव सेल सशक्त असले तरी शंभराव्यासाठी सगळ्यांना थांबावे लागते.

एलएफपी बॅटरीत याला आणखी एक पदर आहे. तिचा विद्युतदाब मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे किती टक्के शिल्लक आहे याचा अंदाज फक्त दाबावरून बांधता येत नाही. यंत्रणा आत-बाहेर गेलेल्या प्रवाहाचा हिशेब ठेवते आणि तो हिशेब हळूहळू चुकत जातो. पडद्यावर 18 टक्के दिसत असताना प्रत्यक्षात 10 शिल्लक असू शकतात. मग गाडी मंदावते आणि काही मिनिटांत आकडा एकदम खाली कोसळतो. बॅटरी साध्या चार्जरवर 100 टक्क्यांपर्यंत भरली आणि भरल्यावर तासभर जोडलेलीच ठेवली, तर हिशेब पुन्हा जुळतो आणि सेलमधला असमतोलही कमी होतो. मी सतत 80 टक्क्यांवर थांबत होतो, कारण बॅटरी पूर्ण भरू नये असे कुठेतरी वाचले होते. तो सल्ला प्रामुख्याने एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारच्या बॅटरीसाठी आहे. एलएफपीसाठी अनेक उत्पादक ठरावीक काळाने पूर्ण भरायला सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे तेच प्रमाण मानावे. मी आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, पूर्ण भरायला सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत मंदावण्याची सुरुवात 18 टक्क्यांऐवजी 11-12 टक्क्यांवर होऊ लागली. त्याखाली गाडी आजही मंदावते आणि ती मंदावलीच पाहिजे.

पावसाळ्यातील खोटी लक्षणे

जून-जुलैमध्ये नोंदींत एक तिसराच प्रकार आला. गायमुखच्या चढावर, चार्ज 70 टक्के, बॅटरी 30 अंशांवर, तरीही गाडी अडखळत वेग घ्यायची. येथे बॅटरीचा काही संबंध नव्हता. मोटर क्षणात पूर्ण टॉर्क देते, पुढची चाके चिखलाळ किंवा तेलकट रस्त्यावर निसटतात आणि घसरण रोखणारी यंत्रणा शक्ती कापते. डॅशबोर्डवर गाडी घसरल्याचे पिवळे चिन्ह क्षणभर लुकलुकते, ते नजरेतून सुटले तर पिकअप गेला असे वाटते. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे अधिक होते. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्त्यावर वर्षानुवर्षे पसरलेली माती पहिल्या सरीत साबणासारखी होते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. टायरची नक्षी किती उरली आहे ते पाहावे, हवा पुस्तिकेप्रमाणे भरावी आणि ॲक्सिलरेटर हळुवार दाबावा, यापलीकडे काही करण्याची गरज नसते.

लगेच तपासून बाजूला ठेवण्याजोग्या आणखी दोन गोष्टी आहेत. अनेक गाड्या बंद करून सुरू केल्या की इको मोडमध्ये परत जातात, म्हणून आधी मोड पाहावा. आणि रीजनमुळे इलेक्ट्रिक गाडीचे साधे ब्रेक कमी वापरले जातात, खाडीकाठच्या दमट हवेत ते गंजतात, आणि एखादा ब्रेक चाकाला चिकटून राहिला तर गाडी जड चालते. वीसेक किलोमीटर चालवून उतरल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता नुसता तळवा धरावा. एक चाक इतरांपेक्षा जास्त धगधगत असेल तर ब्रेक तपासून घ्यावा.

खरा बिघाड कसा सापडला

चार्जिंगचा क्रम बदलला, आठवड्याचे पूर्ण चार्जिंग सुरू केले, तरी एक गोष्ट जुळत नव्हती. ऑक्टोबरमध्ये मी आणि काकांनी मुद्दाम एकाच दिवशी, एकाच चार्जरवर, आलटूनपालटून 30 पासून 70 टक्क्यांपर्यंत आपापल्या गाड्या भरल्या आणि मग दोघेही ताशी 80 च्या सावकाश वेगाने अर्धा तास चाललो. काकांच्या गाडीची बॅटरी 44 अंशांवरून 37 वर आली. माझी 47 वरून फक्त 45 वर आली. मॉडेल, दिवस, रस्ता आणि वेग सारखेच असल्यामुळे फरक उरला तो थंड करण्याच्या व्यवस्थेचा.

याआधी तीन वेळा मला सर्व्हिस सेंटरमध्ये “कोणताही दोष आढळला नाही” असे लिहिलेला कागद मिळाला होता. त्या माणसांना मी दोष देत नाही, कारण गार झालेली गाडी आणि “पिकअप कमी वाटतो” एवढेच वाक्य त्यांच्यासमोर येत होते. या वेळी मी दोन गाड्यांच्या तापमानाचे आलेख, 60 ते 90 च्या वेळा आणि तारखांसह अकरा नोंदी छापून नेल्या आणि बॅटरीच्या शीतक मार्गाची पातळी, पंप आणि पंखा तपासावा अशी लेखी विनंती केली. दुपारपर्यंत उत्तर मिळाले. शीतकाची पातळी कमी झाली होती आणि मार्गात हवा अडकली होती, त्यामुळे पंप फिरत असूनही द्रव पुरेसा वाहत नव्हता. पुढची जाळी आणि रेडिएटर मातीने निम्मे बुजले होते. हवा काढून शीतक भरला, गळणारी एक जोडणी बदलली आणि रेडिएटर धुतला.

हे काम घरी करण्याच्या फंदात कोणी पडू नये. बॅटरीचा शीतक साध्या गाडीच्या शीतकापेक्षा वेगळा असू शकतो, चुकीचा द्रव घातला तर मोठे नुकसान होते आणि वॉरंटीही जाते. नारिंगी रंगाच्या केबलना तर हात लावूच नये. त्यातून प्राणघातक दाबाची वीज वाहते. घरी करण्याजोगे म्हणजे बॉनेट उघडून शीतकाच्या टाकीवरील खुणा पाहणे आणि महिन्यातून एकदा पुढची जाळी हलक्या दाबाच्या पाण्याने धुणे. शीतकाची पातळी किमान खुणेच्या खाली असेल तर तो कुठेतरी गळतो आहे असे समजावे, नुसते भरून घेऊन निघू नये.

गार बॅटरी, 50 टक्क्यांच्या वर चार्ज, कोरडा रस्ता आणि योग्य मोड असतानाही गाडी मंदावत असेल, तर ओबीडीवर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दाबाच्या सेलमधला फरक पाहावा. उभ्या गाडीत, मधल्या चार्जला हा फरक 0.02-0.03 व्होल्टच्या आत असणे ठीक आहे. तो सतत 0.1 व्होल्टच्या वर राहत असेल आणि दोन-तीन वेळा सावकाश पूर्ण चार्ज करूनही कमी होत नसेल, तर एखादा सेल किंवा मॉड्युल (सेलचा गट) दुबळे झाले असण्याची शक्यता मोठी आहे. अनेक कंपन्या बॅटरीवर 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी देतात, म्हणून हे लवकर आणि लेखी नोंदवून ठेवावे. पावती घेतल्याशिवाय गाडी परत आणू नये.

दुरुस्तीनंतर मी मुद्दाम मे महिन्याची वाट पाहिली. बाहेर 38 अंश, गाडीत चौघे, खालापूरला 60 टक्क्यांपर्यंत फास्ट चार्जिंग, नंतर वीस मिनिटे चहा. घाटाच्या तोंडाशी बॅटरी 42 अंश होती, वर पोहोचल्यावर 41, आणि कासव दिसले नाही. लोणावळ्याच्या पुढच्या सपाट रस्त्यावर 60 ते 90 चा टप्पा 4.9 सेकंदांत झाला. चौघांच्या वजनाला तेवढे बरोबर आहे, असे काका म्हणाले.